एच टू एस बाटली : गावाकडच्या घरात पाणी तपासायला किती कामाची?

रेटिंग आधीच देऊन टाकते, ५ पैकी ४. एक स्टार का कापला ते पुढे येईलच.

आमचं गाव अकोला जिल्ह्यात, खारपाणपट्ट्यात. बाहेरच्यांसाठी थोडं सांगते, पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा आहे आणि इथं जमिनीखालचं पाणीच खारं. बोअर मारा नाहीतर विहीर खणा, खारंच लागतं. त्या पाण्याच्या चहात दूध टाकलं की फाटतं, तुरीची डाळ शिजता शिजत नाही, गॅस जळत राहतो, आणि पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो तो चिंचेने घासला तरी निघत नाही. त्यामुळे आमच्याकडे पाण्याबद्दल एकच प्रश्न विचारतात, गोड आहे का? गोड असलं की झालं, पुढे कोणी काही विचारत नाही. पोरीला स्थळ बघतानासुद्धा गावात गोड पाणी आहे का हे आधी बघतात, यात मी काही वाढवून सांगत नाहीये.

आता घराघरात आरओच्या कॅन येतात. धरणाच्या योजनेचा नळही आलाय, पण तो रोज येत नाही, म्हणून आला की भरून ठेवायचं. प्यायला कॅन, आणि कॅन संपली की माठातलं नळाचं. बहुतेक घरी असंच चाललंय. आणि सगळ्यांचा समज असा की कॅनचं पाणी एक नंबर, नळाचं दोन नंबर, हापशीचं तर जनावरांना. हा समज किती खरा किती खोटा ते ही छोटी बाटली दाखवते, म्हणून एवढं लिहायला बसले.

तर वस्तू काय आहे ते सांगते. बोटाएवढी बाटली असते, आत तळाला औषधाची पावडर किंवा औषधात भिजवून वाळवलेली कागदाची पट्टी, आणि बाटलीवर एक रेघ. रेघेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं, हळू हलवायचं आणि घरात उबदार जागी ठेवून द्यायचं. २४ तासांनी बघायचं, मग ४८ तासांनी परत बघायचं. पाणी पिवळसर राहिलं तर ठीक. काळं पडलं तर त्या पाण्यात कुठूनतरी मैला मिसळतोय अशी दाट शंका घ्यायची आणि ते पाणी तसंच प्यायचं नाही. बस एवढंच. मशीन नको, लाईट नको, शिकलेलं माणूसच पाहिजे असंही नाही.

काळं का पडतं? माणसाच्या आणि जनावराच्या आतड्यात राहणारे बरेच जिवाणू हायड्रोजन सल्फाइड (एच टू एस म्हणजे हाच) नावाचा वायू सोडतात, सडक्या अंड्याचा वास येतो ना तोच. बाटलीतल्या औषधात लोह असतं, त्याच्याशी हा वायू मिळाला की काळा रंग तयार होतो. आणि मला अभिमान वाटतो ती गोष्ट म्हणजे ही तपासणी आपल्याच देशात तयार झालेली आहे, ग्वाल्हेरच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेतले मांजा, मौर्य आणि राव यांनी १९८२ साली ती मांडली आणि नंतर जगभर जिथं लॅब जवळ नाही अशा ठिकाणी वापरली गेली. खेड्यापाड्यासाठीच जन्मलेली वस्तू आहे ही, आणि आपल्याच खेड्यात कोणाला माहीत नाही.

मला कशी माहीत, तर जलजीवन मिशनमध्ये (१५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेलं, घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी असं ज्याचं उद्दिष्ट आहे ते) प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं शिकवायचं असं ठरलेलं आहे. आमच्या गावातून त्या पाचात मी होते. ट्रेनिंग झालं, तपासणीचा डबा दाखवला, त्यात या बाटल्या होत्या. त्या संपल्यावर मी स्वतः ऑनलाइन मागवल्या, आणि हा रिव्ह्यू त्या स्वतःच्या पैशाने घेतलेल्या बाटल्यांचा आहे. किंमत म्हणाल तर एक बाटली जवळपास एका कॅनच्या पैशात पडते, पाकीट मोठं घेतलं तर अजून स्वस्त.

घरी काय केलं ते नीट सांगते कारण तेच महत्त्वाचं आहे. चार बाटल्या घेतल्या, चारही बाटल्यांना कागदाची पट्टी चिकटवून पेनाने लिहिलं, नळ, कॅन, माठ, हापशी. नळाची तोटी आधी स्वच्छ पुसून घेतली आणि थोडं पाणी वाहू दिलं, मगच भरलं. झाकण उघडलं की त्याची आतली बाजू बोटाला लागू द्यायची नाही आणि झाकण ओट्यावर पालथं-उताणं कसंच ठेवायचं नाही, हातातच धरायचं, नाहीतर आपल्याच हाताची घाण आत जाते आणि पाण्यावर आळ येतो. चारही बाटल्या गव्हाच्या कोठीवर ओळीने ठेवल्या, तिथं पोरांचा हात पुरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माठाची बाटली पूर्ण काळी. पट्टीच्या कडेपासून सुरू होऊन आख्खं पाणी काजळासारखं झालं होतं. सासूबाई बाटली उजेडात धरून कितीतरी वेळ बघत होत्या, म्हणाल्या, "अवं, पानी त काचावानी दिसत होतं, मंग हे काळं कायनं झालं?" हाच प्रश्न गावातल्या प्रत्येकाने विचारायला पाहिजे खरं तर. नळाची बाटली पिवळीच. हापशीची काळी, ती अपेक्षाच होती, पंधरा-वीस पावलांवर उकिरडा आहे आणि ओट्याला भेग पडलीय. आणि कॅनची बाटली पहिल्या दिवशी चांगली होती, ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हळूहळू काळी पडली.

कॅनवाल्या पोराला दाखवली. पोरगा चांगला आहे, उन्हातान्हात वेळेवर येतो. तो लगेच म्हणाला, "वहिनी, असं कसं होईल, तुमच्यासमोर टीडीएस दाखवतो ना," आणि मीटर टाकून दाखवला, आकडा पन्नासच्या आसपास. आकडा खराच होता. पण टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो, जिवाणू त्याला दिसतच नाहीत. मैल्याचं पाणी थोडं मिसळलं तरी त्या आकड्यात फरक जाणवणार नाही. ही एक गोष्ट गावातल्या प्रत्येक माणसाला समजली पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण आज त्या मीटरच्या आकड्यावर सगळा धंदा चाललाय आणि घेणारेही त्याच आकड्यावर विश्वास ठेवतात.

मग प्लांटवर जाऊन थेट तिथल्या नळाखाली बाटली भरून आणली. ती पिवळीच राहिली. म्हणजे मशीन काम करतंय, गडबड कॅनमध्ये आहे. कॅन परत येते, वरवर विसळतात, भरतात आणि देतात. कोणाच्या घरी त्याच कॅनला गडवा बुडवलेला असतो, कोणाच्या घरी ती गोठ्याशेजारी पडलेली असते. आणि आरओच्या पाण्याचं असं आहे की त्यात क्लोरीन राहतच नाही, आधीच्या कार्बन फिल्टरमध्येच ते काढून टाकतात कारण क्लोरीनने आतला पडदा खराब होतो. शेवटी यूव्ही लाईट असेल तरी तो त्या क्षणापुरता, पाणी पुढे गेलं की त्याचा उपयोग संपला. नळाच्या पाण्यात थोडं क्लोरीन शिल्लक असतं ते वाटेत पडलेली घाण मारत राहतं, कॅनच्या पाण्याला तसं राखण करणारं काहीच नाही. म्हणून मळकट कॅनमध्ये भरलेलं शुद्ध पाणी दोन दिवसांत बिघडतं. प्लांटवाल्याला हे सांगितलं, त्याने कॅन आतून ब्रशने धुवायला माणूस ठेवतो म्हणून कबूल केलं, अजून तरी दिसला नाही. मी त्यानंतर माझ्या स्वतःच्या कॅन घेतल्या, त्या घरी धुते आणि त्याच भरून मागवते. तेव्हापासून बाटली काळी नाही झाली.

माठाचं उत्तर तर फारच सोपं होतं. नळाचं पाणी चांगलं येत होतं, बिघडत होतं घरात. पेला बुडवून पाणी घ्यायचं, बुडवणाऱ्याचा हात कुठून आलाय कोण बघतं, पोरं तर खेळून येतात आणि सरळ मनगटापर्यंत हात घालतात. माठ रिकामा करून आतून घासला, टीसीएलच्या (ब्लीचिंग पावडरच्या) निवळीने धुतला, उन्हात वाळवला, वर झाकणी ठेवली आणि लांब दांड्याचं ओगराळं आणलं. परत बाटली भरली, पिवळी. आशाताई वर्षानुवर्षे सांगतायत की ओगराळं वापरा, भिंतीवर पण लिहिलेलं आहे, पण सासूबाईंनी ते मनावर घेतलं ते काळी बाटली बघितल्यावर. आता त्या माठाजवळ कोणाला पेला घेऊन जाऊ देत नाहीत, आलेल्या पाहुण्यालाही नाही. याच कारणासाठी मी या बाटलीला एवढे मार्क देतेय. सांगून जे पटत नाही ते डोळ्यांना दिसतं.

आता एक स्टार कापला त्याबद्दल. पहिली गोष्ट, ही बाटली फक्त हो की नाही सांगते, किती ते सांगत नाही. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १०५०० (२०१२ चं), त्यात १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय (मैल्यातून येणारा जिवाणू) एकही नको असं आहे, ते मोजून बघायचं तर लॅबच पाहिजे. दुसरी गोष्ट, काही बोअरच्या पाण्याला मुळातच गंधकाचा वास असतो, तिथं मैला नसतानाही बाटली काळी पडू शकते. म्हणून काळी पडली की लगेच ग्रामपंचायतीत जाऊन भांडायचं नाही, आधी परत एकदा तपासायचं आणि मग नमुना लॅबला पाठवायचा. थंडीत अजून एक अडचण, रात्री गारठा असला की जिवाणू हळू वाढतात आणि बाटली पिवळीच दिसते, तेव्हा ती चुलीजवळच्या फळीवर ठेवायची (चिकटून नाही, ऊब लागेल इतकीच) आणि एखादा दिवस जास्त थांबायचं. साधारण ३० ते ३७ डिग्री तिला मानवतं, आमच्याकडे उन्हाळ्यात तर घर त्याच्याही वर जातं, तेव्हा सावलीतली खोली.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पिवळी बाटली म्हणजे पाणी सगळ्या बाजूंनी चांगलं असं बिलकूल समजू नका. ती क्षार बघत नाही, फ्लोराईड बघत नाही, नायट्रेट बघत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराईड आहे, पोरांच्या दातांवर डाग पडतात, वर्षानुवर्षे प्यायलं तर हाडं धरतात, आणि तिथं ही बाटली पिवळीधमक राहील. मानकात फ्लोराईड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं आणि दुसरा काही पर्याय नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्या असं आहे. टीडीएसचं तसंच, ५०० पर्यंत चांगलं, पर्याय नसेल तर २००० पर्यंत. पण नायट्रेटला ४५ ही एकच रेघ, तिथं सूट नाही. नायट्रेट येतं युरियातून, उकिरड्यातून, विहिरीला लागून खणलेल्या शोषखड्ड्यातून, आणि वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला ते फार वाईट, रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते आणि बाळ निळसर पडतं. आणि हे पाणी उकळून चालत नाही. उकळल्याने जिवाणू मरतात, पण क्षार, फ्लोराईड, नायट्रेट तसेच राहतात, उलट पाणी आटलं की घट्ट होतात. तुरटीचं पण तेच, गढूळ पाणी निवळतं आणि दिसायला छान होतं, त्यापलीकडे तिच्यावर भरवसा ठेवू नका.

या रासायनिक गोष्टींसाठी तपासणीचा मोठा डबा असतो ग्रामपंचायतीत, थेंब टाकायचे आणि रंग कार्डाशी जुळवायचा. तो माझ्या मते ठीक आहे, बाटलीइतका पक्का नाही. रंगांच्या छटा इतक्या जवळजवळ असतात की ट्यूबलाईटमध्ये एक दिसतं आणि अंगणात दुसरं, त्यामुळे दिवसाउजेडीच करा आणि दोघींनी बघा. औषधांच्या तारखा पण बघा, कपाटात पडून पडून बाद झालेली असतात. शंका आली तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या लॅब जिल्ह्याला आणि उपविभागाला आहेत, तिथं नमुना देता येतो. जिवाणूंसाठी द्यायचा असेल तर बाटली लॅबकडूनच निर्जंतुक केलेली घ्या, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा, प्यायच्या पाण्याची रिकामी बाटली भरून नेली तर त्या रिपोर्टला काही अर्थ नाही.

आमच्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यात केसगळतीचं प्रकरण झालं ते सगळ्यांना आठवत असेल, चार-आठ दिवसांत लोकांना टक्कल पडलं. सगळ्यात आधी बोट पाण्याकडेच गेलं, नमुने गेले, नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले म्हणून बातम्या आल्या, मग आयसीएमआरची (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) टीम आली आणि पुढे चर्चा गव्हातल्या सेलेनियमवर गेली. मला त्यातून वाटलं ते एवढंच, की त्या पाण्यात क्षार आणि नायट्रेट काही त्या आठवड्यात आले नव्हते. लोक कित्येक वर्षं तेच पाणी पीत होते, आणि तपासायची पाळी आली ती केस गळाल्यावर.

आरओबद्दल एक सांगते, नाहीतर कोणी म्हणेल ही कॅनच्या विरोधात आहे. नाही. खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी प्यायचं असेल तर आरओशिवाय इलाज नाही, आणि ज्या गावांत अजून योजनेचं पाणी पोचलं नाही तिथं ही कॅनच आधार आहे. पण ज्यांच्या नळाला धरणाचं गोड पाणी येतं त्यांनी तेच परत आरओ करून पिण्याची गरज काय? हरित लवादानेही २०१९ मध्ये टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथं आरओ नको असं म्हटलं होतं. आणि प्लांटमधून जे जास्तीचं खारट पाणी बाहेर पडतं ते आमच्याकडे नालीत जातं, नाली शेतात जाते. आधीच खारी जमीन. याचा विचार कोणीतरी करायला पाहिजे.

नळाच्या पाण्यासाठी बाटलीबरोबर ओटी टेस्ट करत जा, तीही सोपी. थेंब टाकला की पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे. घरातल्या तोटीला लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक पाहिजे. ते नसेल तर टाकीत टीसीएल टाकलं नाही किंवा टाकलेलं बाद आहे, कारण टीसीएलची गोणी ओलीत ठेवली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो, २० टक्क्यांच्या खाली गेला तर ती पावडर वापरायचीच नसते. ग्रामपंचायतीला पाण्याच्या व्यवस्थेवरून हिरवं, पिवळं, लाल कार्ड मिळतं, पावसाळ्याआधी आणि नंतर सर्वे होतो, ते कार्ड आपल्या गावाला कोणतं मिळालंय हे ग्रामसेवकाला विचारा. विचारायचा आपला हक्क आहे आणि आम्ही बाया विचारायला लागल्यापासून टाकीवरचं झाकण तरी नीट बसलंय. पावसाळ्यात लाईन फुटली की पहिलं पाणी गढूळ येतं, ते प्यायला भरूच नका, आणि आशाताईंकडून मेडिक्लोरची (पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या औषधाची) बाटली आणून ठेवा, थेंब किती ते लेबलवर असतं, टाकून अर्धा तास थांबायचं.

बाटली काळी झाली की ती उघडून वास घेऊ नका आणि उकिरड्यावर फेकू नका. त्यात आपण जिवाणू वाढवलेले असतात, पोराच्या हाती लागली तर उलट्या-जुलाब ठरलेले. झाकण सावकाश उघडून आत टीसीएलचं घट्ट पाणी किंवा डेटॉल ओतायचं, तासभर ठेवायचं, मग लांब खड्ड्यात ओतून वर माती लोटायची आणि हात साबणाने धुवायचे. मागवताना एक्सपायरी बघूनच घ्या, आतली पावडर ओलसर गोळा झालेली दिसली किंवा नवी बाटली आधीपासूनच करडी दिसली तर ती परत करा. मला एका पाकिटात अशा आल्या होत्या, दुकानदाराने बदलून दिल्या. शाळेसाठी आणि अंगणवाडीसाठी घेणार असाल तर मोठं पाकीट परवडतं, आणि तपासणी पावसाळा सुरू झाल्या झाल्या, मग पोळ्याच्या आसपास, अशी करा, कारण घाण याच दिवसांत जास्त मिसळते.